प्लेटवर झोन मोठा, फ्लास्कमध्ये काहीच नाही : बुरशीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या बुरशींवर लिहिलं होतं. त्यात मुख्य मुद्दा एवढाच होता की सायट्रिक ॲसिड, पेनिसिलिन, डिटर्जंटमधली काही एन्झाइम्स हे सगळं बुरशीकडून येतं, आणि या बुरशी निसर्गातून उचलून थेट टाकीत घातलेल्या नाहीत, वर्षानुवर्षं निवडून निवडून सुधारून घेतल्यात. त्यावर बरेच प्रश्न आले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण जे प्रश्न वाचून मलाच परत वाचायला बसावं लागलं ते इथे घेतलेत.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ॲस्परजिलस नायजर या बुरशीच्या स्पोअर्सना (बीजाणूंना) यूव्ही (अतिनील किरण) दिला, स्टार्चच्या प्लेटवर साधारण ४०० कॉलनी बघितल्या, आणि त्यातल्या एकीचा झोन (कॉलनीभोवतीचा स्टार्च पचून गेलेला गोल भाग) मूळ स्ट्रेनच्या (वाणाच्या) जवळजवळ दुप्पट आला. खूप आनंद झाला होता. पण शेकरवर (फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) फ्लास्क लावले तर अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) मूळ स्ट्रेनएवढंच, एकदा तर कमीच. गाइड म्हणतात सगळं परत कर. माझं नक्की काय चुकलं?

उत्तर : अगं, हे हा प्रयोग करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला होतं, त्यामुळे आधी ते वाईट वाटणं सोड. आता झोनचं बघू. झोनवरून एन्झाइम किती बनलं हे सरळ कळत नाही, ते एन्झाइम अगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीसारख्या थरात) किती लांब पसरलं आणि त्या कॉलनीला वाढायला किती जागा नि वेळ मिळाला हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. प्लेटवर जिथे कॉलनी विरळ पडल्यात तिथली एकटी कॉलनी ऐसपैस वाढते, तिचा झोन मोठा दिसणारच, आणि गर्दीत अडकलेल्या चांगल्या म्युटंटचा (जीनमध्ये बदल झालेल्या बुरशीचा) छोटा दिसतो. म्हणून झोनच्या व्यासाला कॉलनीच्या व्यासाने भागतात, ते बरं, पण तेवढ्यावरही विसंबू नकोस. त्यात नायजर म्हणजे ॲसिड सोडणारी बुरशी, प्रत्येक म्युटंटभोवतीचा पीएच वेगळा असू शकतो आणि पीएच बदलला की एन्झाइमचं काम बदलतं. म्हणजे तुला मिळालेला म्युटंट एन्झाइम जास्त करणारा नसून ॲसिड कमी करणारा असेल, हेही होऊ शकतं.

दुसरं असं की तू ४०० मधून एक उचललीस. प्रत्येक मापात थोडी चूक असतेच, आणि ४०० मापांमधलं सगळ्यात मोठं माप म्हणजे थोडा गुण आणि बरंचसं नशीब, त्यामुळे तीच कॉलनी परत मोजली की आकडा खाली येणं अगदी साहजिक आहे. एक नको उचलू, वरच्या २० उचल, प्रत्येकीचे तीन फ्लास्क लाव, आणि मूळ स्ट्रेन त्याच दिवशी त्याच मीडियात (बुरशीच्या खाद्यात) त्याच शेकरवर लाव. मूळ स्ट्रेनचा मागच्या आठवड्यातला आकडा घेऊन तुलना करायची नाही, हे मी विद्यार्थ्यांना इतक्यांदा सांगते की त्यांना पाठ झालंय.

आता फ्लास्क. अगरवर बुरशी पसरून वाढते, फ्लास्कमध्ये तीच बुरशी एक तर गोळ्या करते नाहीतर सुट्या तंतूंचा दाट लगदा होतो. गोळी मोठी झाली की आतपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, आतला भाग नुसता बसून राहतो, आणि एन्झाइम मुख्यतः वाढत्या तंतूच्या टोकाकडून बाहेर पडतं, त्यामुळे किती टोकं वाढतायत याला फार महत्त्व आहे. गोळ्या होणार की लगदा हे सुरुवातीला किती स्पोअर्स घातले यावर खूप अवलंबून असतं. तू स्लँटवरून (तिरप्या अगरच्या नळीवरून) लूपने (तारेच्या कडीने) खरवडून घातले असशील तर एका फ्लास्कमध्ये दहापट जास्त आणि दुसऱ्यात दहापट कमी गेलेले असू शकतात. मोजून घाल, मिलिलिटरला साधारण १० लाख, आणि सगळीकडे तेवढेच.

बारीकसारीक दोन गोष्टी : यूव्ही दिल्यावर स्पोअर्स काही तास अंधारात ठेव, कारण उजेडात डीएनएवरचं यूव्हीचं नुकसान दुरुस्त करणारं एन्झाइम कितीतरी जीवांकडे असतं आणि तुझी मेहनत तिथेच पुसली जाते. आणि निवडलेली कॉलनी निदान दोनदा एका एका स्पोअरपासून वाढवून शुद्ध कर. नायजरच्या स्पोअरमध्ये बहुतेक वेळा एकच केंद्रक असतं म्हणून तुझं नशीब चांगलं आहे, ॲस्परजिलस ओरायझीच्या एका स्पोअरमध्ये अनेक केंद्रकं असतात, तिथे एकात झालेला बदल बाकीच्यांच्या आड लपून राहतो.

पण मला तुला खरं सांगायचंय ते वेगळंच. म्युटेशन घडवणं अर्ध्या तासाचं काम आहे, दिवा लावला की झालं. डोकं लागतं ते प्लेटला कोणता प्रश्न विचारायचा यात. तुझी प्लेट विचारतेय "स्टार्च कोण खातं?" आणि त्यावर सगळ्याच कॉलनी हात वर करणार! याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे ट्रायकोडर्मा रीसाय. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजत होते, त्या कुजण्याचा अभ्यास करताना ही बुरशी हाती लागली, क्यूएम६ए हा तिचा मूळ स्ट्रेन. ही कापसातलं सेल्युलोज फस्त करते, पण समोर ग्लुकोजसारखं सोपं खाणं आलं की सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, बनवणं थांबवते, जे तिच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, कशाला उगाच खर्च करायचा. १९७० च्या दशकात रटगर्स विद्यापीठात मॉन्टेनेकोर्ट आणि एव्हली यांनी प्लेट अशी बनवली की तिच्यात सेल्युलोजही आहे आणि ग्लिसरॉलचं सोपं खाणंही आहे, आणि सोपं खाणं समोर असूनही जी कॉलनी सेल्युलोज विरघळवेल तीच घ्यायची. पुढच्या फेरीत २-डिऑक्सिग्लुकोज वापरलं, जे बुरशीला ग्लुकोजसारखं वाटतं पण त्यातून अन्न मिळत नाही, त्यामुळे ग्लुकोज दिसलं की काम बंद करणारे साधे स्ट्रेन वाढूच शकत नाहीत. त्यातून रट-सी३० हा स्ट्रेन आला. त्यांना जीनचं नावही माहीत नव्हतं! पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की ग्लुकोज दिसताच बाकी एन्झाइम्स बंद करणारा जो क्रे१ जीन, तोच या स्ट्रेनमध्ये तुटलेला आहे. आजचे कारखान्यातले ट्रायकोडर्मा लीटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन बाहेर टाकतात.

तर गाइड म्हणतात तसं परत कर, पण तसंच्या तसं नको करू, प्लेट बदलून कर. स्टार्चबरोबर ग्लुकोज घालून बघ किंवा डिऑक्सिग्लुकोजवर टिकणाऱ्या कॉलनी आधी गोळा कर आणि मग त्यांचं अमायलेज मोज. त्यातल्या काही नुसत्या साखर आत कमी ओढून घेतात म्हणून टिकलेल्या असतात, त्या गाळाव्या लागतील. आणि काय झालं ते मला नक्की कळव.

प्रश्न : पेनिसिलिनची बुरशी बाजारातल्या कुजक्या फळावर सापडली असं शाळेत ऐकलं होतं, पण फ्लेमिंगच्या प्लेटवर उडून आली असंही वाचलंय. खरं कुठलं? आणि त्या बुरशीत नेमकं काय सुधारलं?

उत्तर : दोन्ही खरं आहे, बुरशी दोन आहेत. फ्लेमिंगची १९२८ ची, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधली. तिने पेनिसिलिन दाखवून दिलं पण बनवायची फारच थोडं, मिलिलिटरला एक-दोन युनिट, आणि एक युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम! ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांच्या टीमने १९४१ मध्ये पहिल्या रुग्णाला ते दिलं तेव्हा तो सुधारत होता, पण औषध इतकं कमी होतं की त्याच्या लघवीतून परत काढून त्यालाच द्यावं लागलं, आणि शेवटी तेही संपलं आणि तो गेला. मला ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी त्रास होतो. औषध सापडलेलं होतं, बुरशी पुरेसं बनवत नव्हती एवढंच.

त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथे आधी बुरशी सुधारलीच नाही, खाणं सुधारलं : मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं कॉर्न स्टीप लिकर मीडियात घातलं आणि उत्पादन एकदम वाढलं. मग टाकीत बुडून वाढेल अशी बुरशी शोधायला सुरुवात झाली, कारण तोपर्यंत ती उथळ भांड्यांत वरच्या सायीसारखी वाढवत. जगभरातून माती मागवली आणि १९४३ मध्ये सगळ्यात चांगली बुरशी निघाली ती पिओरियातच, बाजारातल्या बुरसलेल्या खरबुजावर. तिला एनआरआरएल १९५१ असं नाव आहे, आणि हा १९५१ म्हणजे साल नाही, त्या प्रयोगशाळेच्या संग्रहातला नंबर आहे, बरेच जण इथे गोंधळतात.

पुढे साखळी चालू झाली. तिच्यातूनच नैसर्गिकरीत्या वेगळी पडलेली एक चांगली कॉलनी घेतली, तिला एक्स-रे देऊन एक्स-१६१२ निवडला, त्याला विस्कॉन्सिन विद्यापीठात यूव्ही देऊन क्यू-१७६ मिळाला, जो मिलिलिटरला ९०० युनिटपर्यंत जायचा. फक्त तो एक पिवळा रंग सोडायचा आणि औषधातून तो रंग काढणं डोकेदुखी होती, म्हणून पुढची फेरी रंग न करणाऱ्या म्युटंटसाठी झाली, आणि यात उत्पादन वाढवायचा प्रश्नच नव्हता. सुधारणा म्हणजे नुसतं जास्त असं नसतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. रंग नको, टाकीत फेस कमी हवा, लगदा इतका घट्ट नको की हवा जाणार नाही, हे सगळं त्यात येतं. आजचे स्ट्रेन लीटरमागे ५० ग्रॅमच्या वर पेनिसिलिन देतात.

काय बदललं ते नंतर डीएनए वाचल्यावर कळलं. पेनिसिलिन बनवणारे तीन जीन शेजारी शेजारी असतात, चांगल्या स्ट्रेनमध्ये त्या अख्ख्या तुकड्याच्या अनेक प्रती झालेल्या सापडल्या. शिवाय शेवटची पायरी पेशीतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या छोट्या पिशव्यांत होते, त्या पिशव्याही वाढलेल्या. एकाही माणसाने असं ठरवून केलं नव्हतं, ते फक्त जास्त देणारी कॉलनी उचलत गेले.

प्रश्न : आता क्रिस्पर (जीन नेमक्या जागी कापून बदलायचं तंत्र) आलंय, मग अजून यूव्ही आणि केमिकल का वापरतात? जुन्या सवयीने?

उत्तर : सवयीने नाही. क्रिस्परला पत्ता लागतो, कुठला जीन कापायचा हे तुम्हाला आधी माहीत पाहिजे. सायट्रिक ॲसिडसारख्या गोष्टीत मार्ग बऱ्यापैकी माहीत आहे, पण "जास्त प्रोटीन बाहेर टाक" यामागे किती जीन आहेत? शेकडो, आणि त्यांचे आपसातले संबंध अजून नीट उलगडलेले नाहीत. यूव्हीला काही माहीत असायची गरज नाही, फक्त निवडायची पद्धत चांगली पाहिजे.

चीज बनवायला लागणाऱ्या कायमोसिनचं उदाहरण घ्या. वासराच्या पोटातलं हे एन्झाइम, त्याचा जीन ॲस्परजिलसमध्ये घातला तर सुरुवातीला फारच कमी बाहेर यायचं. मग तो जीन बुरशी स्वतः भरपूर बाहेर टाकते त्या ग्लुकोअमायलेजच्या जीनला जोडला, म्हणजे सवयीच्या गाडीला डबा जोडल्यासारखं, आणि ते वाढलं. मग बुरशीचं स्वतःचं एक प्रोटीन तोडणारं एन्झाइम काढून टाकलं. आणि एवढं सगळं नेमकं काम झाल्यावरही कारखान्याला परवडेल असं उत्पादन मिळवायला शेवटी परत जुन्या पद्धतीने म्युटेशन करून हजारो कॉलनी तपासाव्या लागल्या. आता उलटा प्रवासही होतो : म्युटंट निवडायचा, त्याचा जीनोम वाचायचा, कुठला बदल कामाचा आहे ते ओळखायचं आणि तेवढाच बदल क्रिस्परने स्वच्छ मूळ स्ट्रेनमध्ये करायचा, कारण यूव्हीने चांगल्या बदलाबरोबर पन्नास फालतू बदलही होतात आणि तीस वर्षं म्युटेशन खाल्लेला स्ट्रेन नाजूक होऊन बसतो, स्पोअर्स नीट करत नाही, हळू वाढतो. मला स्वतःला हा एकत्र मार्गच सगळ्यात पटतो.

प्रश्न : दोन चांगल्या स्ट्रेनचा संकर करता येत नाही का, पिकांसारखा?

उत्तर : येतो, पण कारखान्यातल्या कितीतरी बुरशींचं लैंगिक चक्र बराच काळ माहीतच नव्हतं. ट्रायकोडर्मा रीसायचं २००९ मध्ये सापडलं, पेनिसिलिनच्या बुरशीचं, म्हणजे पेनिसिलियम क्रायसोजिनमचं, २०१३ मध्ये, म्हणजे उद्योग उभा राहून कितीतरी वर्षांनी! त्याआधी पॉन्टेकोर्व्हो यांनी १९५० च्या दशकात ग्लासगोला दाखवलेली एक आडवाट वापरायचे, दोन बुरशींचे तंतू जुळतात, केंद्रकं एकत्र येतात आणि नर-मादी काही नसताना गुणांची थोडी देवाणघेवाण होते. नाहीतर पेशीभित्ती विरघळवून उघड्या पेशीच एकमेकींत मिसळायच्या. संकराचा माझ्या मते मोठा फायदा म्हणजे थकलेल्या स्ट्रेनमधला फालतू कचरा धुऊन काढता येतो.

प्रश्न : अशा बदललेल्या बुरशीचं एन्झाइम खाण्यात आलं तर धोका?

उत्तर : एन्झाइम गाळून वेगळं करतात, जिवंत बुरशी त्यात ठेवत नाहीत. बघायचं असतं ते बुरशीचं स्वतःचं विष. नायजरचे काही स्ट्रेन ओक्राटॉक्सिन करू शकतात, ओरायझी ही तर अफ्लाटॉक्सिन हे विष करणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेवसची अगदी जवळची नातेवाईक, फक्त तिच्यात तो मार्ग बंद पडलेला आहे. म्हणून स्ट्रेन कुठल्याही पद्धतीने बदललेला असो, विषाची तपासणी झालीच पाहिजे, आणि यूव्हीने केलेला असला म्हणून सूट द्यावी असं मला अजिबात वाटत नाही.

प्रश्न : मी सायट्रिक ॲसिडच्या प्लांटमध्ये आहे. आमचा स्ट्रेन तीन वर्षं छान चालला, गेल्या सहा महिन्यांत यील्ड सारखं घसरतंय. मॅनेजमेंट म्हणतं स्ट्रेन म्हातारा झाला, नवीन आणा. खरंच असं होतं का?

उत्तर : होतं, पण आधी स्ट्रेनवर आरोप सिद्ध करा. तुमच्याकडे जुन्या, गोठवलेल्या ॲम्प्यूल (बंद काचेच्या कुप्या) असतील तर एक उघडा आणि आत्ताच्या वापरातल्या कल्चरबरोबर एकाच मीडियात शेजारी शेजारी चालवा. दोन्ही सारखेच कमी देत असतील तर दोष बुरशीचा नाही. सायट्रिक ॲसिडमध्ये तर मी पहिल्यांदा मँगनीज तपासायला सांगेन, लीटरमागे काही मायक्रोग्रॅम जरी वाढलं तरी बुरशीचे तंतू गुटगुटीत छोट्या रूपाऐवजी लांबच लांब होतात आणि ॲसिड पडतं. मोलॅसेसचा (मळीचा) लॉट बदलला, पाण्याचा स्रोत बदलला, पाइपचा एखादा तुकडा बदलला, एवढंही पुरतं. मी पूर्वी एका प्लांटमध्ये होते तिथे चार महिने आम्ही स्ट्रेन बदलत बसलो आणि शेवटी कारण निघालं ते नवीन बसवलेल्या एका व्हॉल्व्हमध्ये. चार महिने!

आता समजा ॲम्प्यूलवाला स्ट्रेन चांगलं देतोय आणि वापरातला कमी, तर मग बुरशी खरंच बदललीये. कारण सोपं आहे. जास्त माल बनवणं हे बुरशीसाठी ओझं आहे. लाखो पेशींत एखादी अशी निघतेच जी ते ओझं टाकून देते, ती थोडी जास्त जोमाने वाढते आणि दर सबकल्चरला (नव्या खाद्यावर नेताना) तिचा वाटा वाढत जातो. पेनिसिलिनमध्ये जीनच्या ज्या जास्तीच्या प्रती सांगितल्या त्याही अशा गळू शकतात. बुरशीपासून मांसाला पर्याय बनवतात त्या फ्यूजेरियम व्हेनेनेटमच्या टाक्या सलग चालतात, तिथेही काही आठवड्यांनी जास्त फांद्या फुटणारे म्युटंट आपोआप येतात, मालाचा पोत बिघडतो आणि टाकी थांबवून नव्याने सुरू करावी लागते, तिथे तर कुणी यूव्हीही दिलेला नसतो.

म्हणून स्लँटवरून स्लँटवर नेत राहणं बंद करा, तुमच्या पत्रावरून मला वाटतंय की तुमच्याकडे तेच चालू आहे. चांगल्या स्ट्रेनच्या स्पोअर्सचा एक मास्टर साठा करा, फ्रीझ ड्राय करून किंवा ग्लिसरॉलमध्ये द्रव नायट्रोजनवर, उणे १९६ अंशाला, आणि तो दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. मास्टरमधून वर्किंग साठा, वर्किंगमधून थेट प्रॉडक्शन, मध्ये दोन-तीन पिढ्यांच्या वर जायचं नाही, आणि हे कागदावर लिहून भिंतीला लावा. आणि मास्टरही हरवला असेल तरी लगेच नवीन स्ट्रेन विकत घ्यायला धावू नका. आत्ताचं घसरलेलं कल्चर पातळ करून प्लेटवर पसरवा, १०० सुट्या कॉलनी घ्या, प्रत्येकीचं ॲसिड छोट्या फ्लास्कमध्ये मोजा. बहुतेक वेळा आकडे दोन घोळक्यांत पडलेले दिसतात, एक आळशी झालेल्यांचा आणि एक अजून जुन्यासारखं काम करणाऱ्यांचा. त्या दुसऱ्या घोळक्यातल्या पाच-सहा उचला, परत एकेका स्पोअरपासून वाढवा, परत मोजा, आणि जी टिकेल तिचा त्याच दिवशी साठा करा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.